अपील केलंय म्हणाला आणि मुदत खाऊन बसला

पुण्यात माजी सैनिकांची पेन्शनची कामं 'करून देणारे' बरेच आहेत. त्यातले काही खरंच मदत करतात. आमच्या मामांना जो भेटला त्याने पैसे तर खाल्लेच, पण अपिलाची मुदतही खाल्ली.

मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, रक्तदाबाचं अपंगत्व 30 टक्के धरलं, पण आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा मारला. त्यावरून डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा फेटाळल्याचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून आलं. पत्र मिळाल्यापासून 6 महिन्यांत अपील करता येईल, असं त्यातच खाली लिहिलं होतं. केस काही कच्ची नव्हती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तंदुरुस्त होता असंच धरायचं, हे सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलंय.

हा गृहस्थ घोरपडीत भेटला. "मीही फौजीच, दिल्लीत आपली ओळख आहे, तुम्ही निवांत राहा." मूळ पत्र, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, बोर्डाचे कागद, सगळं पाकिटासकट घेऊन गेला. वर थोडी रोकड, आणि एरिअर्समधले 25 टक्के देण्याचा स्टॅम्पपेपर. वकिलालासुद्धा निकालाच्या रकमेत असा वाटा ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात; हा तर वकीलही नव्हता.

मग फोन केला की एकच उत्तर, "फाइल पुटअप झालीय." अपिलाची झेरॉक्स दाखवली, त्यावर गोल शिक्का. शिक्क्यात ना आवक क्रमांक, ना तारीख. मी हट्टाने स्पीड पोस्टची पावती मागितली आणि नंबर टाकून पाहिला, तर ते टपाल हडपसरमध्येच कुणाला तरी पोचलेलं! माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसला विचारलं. असं अपील आलेलंच नाही, हे उत्तर हातात पडलं तेव्हा मुदत संपून गेली होती. त्यावर तो काय म्हणाला असेल? "आता थेट ट्रिब्युनलला जाऊ, थोडे पैसे लागतील."

इथेच पुष्कळ लोक दुसऱ्यांदा फसतात. हे ट्रिब्युनल म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण; त्याच्या 2007 च्या कायद्यात आधी खात्यातले मार्ग वापरून झालेले असावेत, अशी साधारण अट आहे. अंतिम आदेशानंतर तिथे जायलाही 6 महिनेच असतात. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण ते कारण पटवून द्यावं लागतं. पेन्शन दर महिन्याची बाब असल्याने हक्क सहसा बुडत नाही; मात्र 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे दाव्याआधीच्या 3 वर्षांचीच मिळते. म्हणजे उशीर झाला की पैसा गेला.

तुमच्या घरी असं पत्र आलं असेल तर मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. बोर्डाचे कागद यायची वाट पाहत बसू नका. साधं दोन पानी अपील स्वतःच्या सहीने, स्वतः पोस्टात जाऊन मुदतीत पाठवा, बाकीची कागदपत्रं मागाहून जोडा. लिहिता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे टक्केवारी मागत नाहीत.

मामांचं अपील उशीर माफीच्या अर्जासह आता गेलंय. पोलिसांत तक्रारही दिलीय. पत्र कधी मिळालं हे दाखवणारा पोस्टाचा शिक्का ज्या पाकिटावर होता, ते मात्र अजून त्याच्याचकडे आहे.