प्लॅस्टिकच्या व्हायलमध्ये लायो : नऊ महिने वापरून झाल्यावर

नऊ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. आमच्या डेव्हलपमेंट लॅबमध्ये एका इंजेक्शनच्या लायोसाठी, म्हणजे औषध गोठवून व्हॅक्यूममध्ये सुकवायला, काचेच्या १०आर (१० मिलीच्या) व्हायल सोडून सीओपीच्या घेतल्या. सीओपी म्हणजे सायक्लिक ओलेफिन पॉलिमर, दिसायला काचेसारखंच स्वच्छ, पण हातात घेतलं की लगेच कळतं, कारण बोरोसिलिकेट काचेची घनता २.२३ (ग्रॅम दर घन सेंमी) आणि ह्याची १.०१ च्या आसपास.

हौस म्हणून नाही घेतल्या, मॅनिटॉलने घ्यायला लावल्या. फॉर्म्युल्यात मॅनिटॉल (सुकलेल्या औषधाला अंग देणारा साखरेसारखा घटक) भरपूर, त्यात फिलची, म्हणजे भरलेल्या द्रावणाची, उंचीही जास्त, मग फ्रीझ झाल्यावर तापमान वर यायला लागलं की उरलेलं मॅनिटॉल क्रिस्टलाइझ होतं आणि फुगतं, आणि काच बिचारी कुठे जाणार. सकाळी मशीनचं दार उघडलं की व्हायलचा तळ गोल चकतीसारखा सुटून शेल्फवर पडलेला आणि वरच्या भागात केक (सुकलेल्या औषधाचा गोळा) मात्र मस्त पांढरा, जणू काही झालंच नाही. एकदा एका ट्रेमध्ये अशा ११ निघाल्या. हळू फ्रीझ करून बघितलं, फिल कमी करून बघितला, पण डोसच तेवढा आहे तर कमी करून करून किती करणार?

सीओपीत नऊ महिन्यांत एकही फुटली नाही. ते काम झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

आता हीटबद्दल, कारण सगळे आधी हेच विचारतात. प्लॅस्टिक म्हणजे इन्सुलेटर, प्रायमरी ड्रायिंग (बर्फ उडवून लावायचा मुख्य टप्पा) दुप्पट लांबणार, असं मीसुद्धा धरून चालले होते. मग जरा हिशोब केला. काचेतून उष्णता सात-आठ पट सहज जाते हे खरंच, पण शेल्फपासून बर्फापर्यंतच्या वाटेत खरी अडचण तळाखालच्या पातळ फटीत असते, १०० मिलिटॉरच्या व्हॅक्यूमला तिथे उष्णता वाहून न्यायला गॅसच जेमतेम. काचेच्या व्हायलचा सगळा मिळून केव्ही (शेल्फपासून औषधापर्यंत उष्णता किती सहज जाते तो आकडा) १५ च्या घरात येतो, आणि सीओपीच्या नुसत्या दीड मिमी तळातून १०० वॉट जाऊ शकतात (दर चौरस मीटरला, दर अंशाला). म्हणजे प्लॅस्टिकमुळे फटका १०-१५ टक्क्यांचा. नुसतं पाणी भरून, काही तास सुकवून, आधी-नंतर वजन करून बघितलं तर निघालंही साधारण तेवढंच.

पण हे दुसऱ्या लॉटचं. पहिल्या लॉटने नाकी नऊ आणले होते. एकाच शेल्फवर, अगदी मधल्या ओळींतसुद्धा, एक व्हायल सुकलेली तर शेजारचीत अजून बर्फ. आम्ही तापमान मोजणारे थर्मोकपल बदलले, शेल्फच्या तापमानाचं मॅपिंग परत केलं, आठवडा गेला त्यात. शेवटी आमच्या ऑपरेटर काकांनी व्हायल टेबलावर ठेवून बोटाने फिरवली आणि ती भोवऱ्यासारखी गिरक्या घ्यायला लागली. तळाच्या मधोमध बारीक टोक होतं, मोल्डमध्ये प्लॅस्टिक जिथून आत शिरतं तिथलं, गेट मार्क. ऑफिसातला शाईचा पॅड आणला आणि व्हायल त्यावर दाबून कागदावर ठसे घेतले. काचेच्या व्हायलचं नीट गोल कडं उमटलं, आणि आमच्या प्लॅस्टिकचा एक ठिपका आणि बाजूला अर्धी चंद्रकोर, तीही प्रत्येकीची वेगळी. व्हायल तिरकी उभी म्हणजे फट एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, मग सारखं सुकणार कसं?

सप्लायरला ते ठसेच पाठवले. त्यांनी गेट मार्क खळगीत घेतला आणि कडेला उभं राहायला सलग रिंग दिली. मी तळ अजून पातळ मागितला होता, तर ते म्हणाले भिंत जाड आणि तळ पातळ ठेवला की थंड होताना आकसणं सारखं होत नाही, तळ वाकतो. पटलं. एकूण व्हायल कशाची आहे ह्यापेक्षा ती कशावर उभी आहे ह्याने जास्त फरक पडतो, हे मला सीओपीने शिकवलं, काचेत कधी बघायची वेळच आली नव्हती.

वजन कमी असल्याचा त्रास मात्र रोजचा. ट्रेची फ्रेम सरकवली की कोपऱ्यातल्या आडव्या. त्यात स्टॅटिक, रिकाम्या व्हायल एकमेकींना आणि ग्लोव्हला चिकटतात, आम्हाला लोडिंगच्या जागी आयोनायझर बसवावा लागला. आणि सगळ्यात भारी गंमत म्हणजे शेवटी वरच्या शेल्फने स्टॉपर (रबरी बुचं) दाबून शेल्फ वर घेतलं तर चार-पाच व्हायल वरच्या शेल्फला स्टॉपरने लटकलेल्या, वटवाघळांसारख्या! काचेची व्हायल वजनाने खाली सुटते, ही सुटत नाही. वरून कोटिंग असलेले स्टॉपर घेतल्यावर ते थांबलं, आणि अर्थात ते महाग.

केक छान दिसतो. काचेत फिलच्या वर भिंतीवर जो धुरकट थर चढतो तो इथे जवळजवळ नाही, कारण पाणी ह्या भिंतीला धरतच नाही. पण त्याच कारणाने केक भिंतीपासून सुटतो आणि हलवलं की खुळखुळ्यासारखा वाजतो, क्यूएवाले (क्वालिटी ॲश्युरन्स) ते ऐकून भुवया उंचावतात.

धुवून गरम हवेच्या टनेलमध्ये टाकायचा प्रश्नच नाही, काचेला २५० अंशांच्या वर चालतं तसं ह्याला चालत नाही, स्टराइल करून नेस्टमध्येच (खाचांच्या ट्रेमध्ये) येतात. एक लॉट गॅमा किरणांनी स्टराइल केलेला आला तर हलका पिवळट होता, महिन्याभरात बराचसा उतरला, पण तोवर सगळ्यांना उत्तरं देत बसले.

ऑक्सिजनकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. काचेतून तो आत येतच नाही, जे काय यायचं ते स्टॉपरकडून. सीओपीच्या भिंतीतून हळूहळू येतो. नायट्रोजन भरून बंद केलेल्या व्हायलमधला ऑक्सिजन लेसरने तपासत होतो, ४० अंश, ७५ टक्के आर्द्रतेवर आकडा दर महिन्याला चढताना दिसला, कार्ल फिशरमध्ये (पाणी मोजायची टेस्ट) पाणीही थोडं वाढलं. ॲल्युमिनियम पाउचमध्ये डेसिकंट आणि ऑक्सिजन अब्सॉर्बर टाकून सील केल्यावर दोन्ही आटोक्यात आहेत, पण ते धरलं तर काचेच्या कितीतरी पट खर्च. लीक टेस्टही हेलियमने करायला गेलात तर फसाल, हेलियम प्लॅस्टिकमधूनच पाझरतं, मग लीक कुठलं आणि पाझर कुठला कळत नाही.

सध्या मॅनिटॉलवालं एकच प्रॉडक्ट सीओपीत ठेवलंय, आणि हाय पीएचचं एक विचारात आहे कारण तिथे काचेचे पापुद्रे सुटायची भीती असते. ऑक्सिडेशनला नाजूक असलेलं तिसरं परत काचेत नेलं. २आर (२ मिली) साइझमध्ये कोणी लायो केलं असेल तर सांगा, एवढ्या हलक्या व्हायल लोडिंगला उभ्या तरी राहतात का?