ग्वाल्हेर ते भरतपूर एक दिवसाची पक्षी टूर, दगडापाशी थांबलो तिथेच पैसे वसूल

जानेवारीत आम्ही चौघं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून गेलो होतो. चारला येणारी गाडी पावणेपाचला आली, चंबळच्या पुलावर धुकं इतकं की ड्रायव्हर अक्षरशः रांगत होता, आणि मिळालेल्या दोन दुर्बिणींपैकी एकीत सगळं डबल दिसायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी टूर मला फार म्हणजे फारच आवडली.

टूर आपल्याकडचेच एक मराठी काका चालवतात. भरतपूरच्या केवलादेव पक्षी अभयारण्यात मंदिराजवळ जुन्या शिकारींची नोंद कोरलेला दगड आहे ना, तिथे लोक फोटो काढतात नि पुढे जातात, काकांनी आम्हाला अर्धा तास बसवलं. 12 नोव्हेंबर 1938, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, 4,273 पक्षी, एका दिवसात! लेक बोट फिरवत वाचत होती ती त्या आकड्यावर थांबलीच. काका म्हणाले, "ताई, हे हाती लागलेले. छर्रा लागून गवतात जाऊन पडलेले कोण मोजतो?" असली जखमी बदकं गरुड नि भोवत्या (हॅरियर) यांसारख्या शिकारी पक्ष्यांना आयती सापडतात आणि मांसाबरोबर शिशाचे छर्रे पोटात जातात, तिथल्या आम्लात शिसं विरघळतं नि पक्षी हळूहळू लुळा पडून मरतो. म्हणजे बंदूक एकावर झाडायची आणि मरायचं दुसऱ्यानेही. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात समोर दलदली भोवत्या आला, पंख व्ही सारखे वर धरून पाण्याला चिकटून उडत होता, आणि पाण्यावरचे सगळे चांदवे (काळे पाणपक्षी) एकदम दाटीवाटीने एकत्र झाले, काळा गालिचाच जणू. त्याने दोन घिरट्या घातल्या, काही मिळालं नाही, गेला.

मग रिक्षात काकांनी ब्रिटनचं सांगितलं. तिथे माळावर ग्राऊस या कोंबडीसारख्या रानपक्ष्याची शिकार 12 ऑगस्टला सुरू होते, आणि भोवत्याचा भाऊबंद हेन हॅरियर ग्राऊसची पिल्लं खातो म्हणून कायद्याने संरक्षण असूनही त्याला मारतात. 2019 च्या एका अभ्यासात ट्रान्समीटर लावलेल्या 58 हेन हॅरियरपैकी 72 टक्के मारले गेले, किंवा बहुधा मारलेच गेले, असं निघालं. पण काकांनी शिकाऱ्यांची बाजूही सांगितली हे मला आवडलं. स्कॉटलंडमधल्या लँगहोमच्या माळावर 1992 पासून पाच वर्षं शिकारी पक्ष्यांना हात लावला नाही, हॅरियरच्या माद्या 2 वरून 20 झाल्या आणि ग्राऊसची शिकार बंदच पडली. तक्रार खोटी नाही. पण मेंढ्या चारून चारून माळावरच्या हेदर नावाच्या झुडपांच्या जागी गवत माजलेलं, गवतात उंदीर नि चिमणीएवढे पक्षी वाढलेले, त्यांच्यासाठी हॅरियर जमलेले, मग दोष फक्त त्याचाच कसा? स्कॉटलंडमध्ये 2024 च्या कायद्याने आता ग्राऊसच्या शिकारीला लायसन्स लागतं.

जेवण ठीकठाक, पुरी गार. रात्री साडेनऊला परत. डबल दिसणाऱ्या दुर्बिणीचं भाडं काकांनी न मागता परत केलं. जाणार असाल तर बुकिंग करतानाच काका स्वतः येणार का ते विचारा, आणि शक्य असेल तर दुर्बीण आपली न्या.