जुळ्या मुलांचे ठसे, दोन अहवाल: इंदूरमधील एका ‘जन्मजात कल’ चाचणीचा अनुभव

मुलांच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्यांचा जन्मजात स्वभाव, बुद्धीचा कल आणि पुढे निवडावयाची शाखा सांगणाऱ्या केंद्रांपैकी एका केंद्रात, पलासिया भागात, आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या जुळ्या मुलांची चाचणी करून घेतली. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझा आक्षेप तेथील माणसांवर नसून तेथे विकल्या जाणाऱ्या मूळ कल्पनेवर आहे.

सेवा म्हणून पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही. दिलेल्या वेळेला बोलावले, ठसे वीस मिनिटांत घेतले आणि आठवड्याभरात प्रत्येकाचा बत्तीस पानांचा रंगीत अहवाल हाती दिला. दोघांचे मिळून नऊ हजार रुपये झाले. समुपदेशक बाई मराठीच होत्या. मुले काय खातात, कशावरून भांडतात, शाळेतून आल्यावर आधी काय सांगतात, हे त्यांनी तासभर आस्थेने विचारले. त्या एका तासात आमच्या मुलांविषयी जे बोलणे झाले, ते मला बत्तीस पानांपेक्षा अधिक मोलाचे वाटले.

अहवालामागचा युक्तिवाद असा सांगण्यात आला: बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात, त्याच काळात मेंदूही घडत असतो, म्हणून प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाचे निदर्शक असते आणि त्यावरील शंख, चक्र वा कमान पाहून जनुकांनी ठरवून दिलेला स्वभाव वाचता येतो. यातला पहिला भाग खरा आहे. रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून घडू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची ठेवण कायम होते. परंतु दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एकीवरून दुसरी वाचता येते, हे त्यातून सिद्ध होत नाही. दात आणि हाडेही त्याच पोटात आकार घेतात; म्हणून दातांवरून कोणी मुलाचे गणित सांगत नाही.

आमच्या बाबतीत तर हा युक्तिवाद अहवाल उघडताक्षणीच कोसळला. आमची मुले एकाच बीजापासून झालेली जुळी आहेत. प्रसूतीच्या वेळी दोघांची वार एकच असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणजे दोघांची जनुके जवळजवळ सारखीच. तरीही थोरल्याच्या अहवालात ‘जन्मतः अंतर्मुख, तर्कप्रधान, नेतृत्वगुण कमी’ असे होते, तर धाकट्याच्या अहवालात ‘जन्मतः बहिर्मुख, संगीताकडे ओढा, नेतृत्वगुण उत्तम’. जनुके तीच असताना जनुकांनीच ठरवलेला स्वभाव दोघांत इतका वेगळा कसा, असे मी विचारले तेव्हा ठसे वेगळे आहेत ना, एवढेच उत्तर मिळाले. ठसे वेगळे आहेत हे खरे आहे. एकबीज जुळ्यांच्या रेषांची एकूण संख्या बरीच जवळपास असते, पण त्यांचे बारकावे जुळत नाहीत, कारण गर्भजलाचा दाब, बाळाची हालचाल, बोटांची वाढ अशा लहानसहान गोष्टींनी ते ठरतात. म्हणजे ज्या फरकावर अहवाल उभा आहे, तो फरक स्वतःच जनुकांतून आलेला नाही.

या विषयाच्या इतिहासात एक गोष्ट आहे, जी प्रत्येक पालकाला माहीत असावी असे मला मनापासून वाटते. जन्मजात गुण आणि संगोपन यांचे वजन जुळ्यांच्या आधारे करून पाहावे, ही कल्पना १८७५ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी मांडली आणि पुढे १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवरचा पायाभूत ग्रंथही त्यांनीच लिहिला. आनुवंशिकतेवर त्यांचा टोकाचा विश्वास होता. त्यांनी कला आणि विज्ञानाचे विद्यार्थी, शेतमजूर, तसेच बौद्धिक अपंगत्व असलेले लोक यांचे ठसे तुलनेसाठी तपासले. ठशांत बुद्धी किंवा स्वभावाची खूण सापडावी अशी त्यांचीच इच्छा होती. ती सापडली नाही, आणि तसे त्यांनी नोंदवून ठेवले.

जनुकांचा स्वभावाशी संबंधच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. पन्नास वर्षांतील जुळ्यांच्या २,७४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांची माहिती होती आणि सर्व गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली. पण हा आकडा एका मुलाचा नसतो. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो, आणि तोही त्या समाजापुरता व त्या परिस्थितीपुरता. आमच्या दोघांमधला फरक, जो आम्हाला रोज दिसतो, तो तर जवळजवळ सगळाच जनुकांबाहेरचा आहे: वर्गातले वेगळे मित्र, एकाला झालेला दीर्घ आजार, आणि ज्यांचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही असे कितीतरी योगायोग.

धाकट्याच्या संगीताविषयी बोलताना समुपदेशक बाईंनी लता मंगेशकरांचे उदाहरण दिले. १९२९ मध्ये याच शहरात जन्मलेल्या लताबाईंचे नाव इंदूरकराला अभिमानाचेच. पण ते उदाहरण ‘रक्तात गाणे असते’ या दाव्याला पुरावा म्हणून चालत नाही. दीनानाथांच्या पाचही मुलांना वडिलांकडून जनुके मिळाली, तसे सकाळ-संध्याकाळ कानावर पडणारे गाणेही मिळाले, शिवाय १९४२ मध्ये वडील गेल्यावर थोरल्या लेकीवर घर चालवण्याची जबाबदारी आली. एकाच घरातून दोन्ही गोष्टी येतात, तेव्हा कोणती किती, हे त्या घराकडे पाहून वेगळे काढता येत नाही. जुळ्यांचा आणि दत्तक मुलांचा अभ्यास करावा लागतो तो त्यासाठीच.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो अहवाल घरी आल्यानंतर. सासूबाईंनी तो दोनदा वाचला. गणेशोत्सवातल्या बालनाट्यात थोरल्याने राजाची भूमिका मागितली होती. ‘त्याच्यात नेतृत्व नाही असे लिहिले आहे, उगाच हिरमोड होईल,’ असे त्या काळजीने म्हणाल्या, आणि मीही क्षणभर गप्प राहिले. थोरल्याने ते ऐकले. त्या दिवसापासून तो पाठांतराला बसेना. जन्मजात स्वभाव सांगणारा कागद आमच्या घरात संगोपनाचाच एक भाग झाला होता, आणि तो आम्ही पैसे मोजून आणला होता. भूमिका शेवटी त्यानेच केली, पण त्यासाठी त्याच्या बाबांना आठवडाभर रोज त्याच्यासमोर बसून संवाद म्हणावे लागले.

अभ्यासात खरोखर अडचण असेल, अक्षरे उलटी वाचली जात असतील, एकाग्रता होत नसेल, तर पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जावे. तेथे मुलाकडून वाचून घेतात, लिहून घेतात, त्याला वेळ देऊन पाहतात. ठशांच्या केंद्रात जाणारच असाल, तर मुलाचे ठसे कोठे आणि किती काळ साठवले जातील, हे आधी लेखी विचारावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. दोघांचे ठसे पुसून टाकावेत, असे पत्र मी केंद्राला तीन आठवड्यांपूर्वी दिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.