बोर्डांचा माल बाहेर पाठवून देतो म्हणणाऱ्यांपासून जपून राहा

वाळूज एमआयडीसीत आमची ई-कचरा रिसायकलिंगची शेड आहे. जुने सर्व्हर, संगणक फोडायचे, मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर वेगळे काढायचे, हे काम. बोर्डांतलं सोनं, चांदी, पॅलेडियम नीट काढणारे मोठे स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवून वेगळे करणारे कारखाने, बेल्जियम, जर्मनी, स्वीडन, जपानला आहेत. तिकडचा भाव दाखवत एजंट फिरतात. त्यातल्या एकाने आम्हाला बुडवलं.

गडी आला तोच एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजणारं हातातलं यंत्र, घेऊन. रॅमच्या सोनेरी पट्टीवर नेम धरला आणि स्क्रीनवरचा आकडा दाखवला. ही गन वरचा थर तेवढा वाचते. नेम धरला तेवढ्याच जागेचं सांगते; मागचं फायबर, बोर्डाचा बाकीचा भाग तिच्या हिशोबात येत नाही. मुलाम्याच्या पाटल्या कसोटीवर घासून भाव ठरवण्यातला प्रकार. खरा कस काढायचा तर आख्खा लॉट श्रेडरमधून काढून मिसळतात, नमुना जाळून दळतात, मग 'फायर असे' ही भट्टीत वितळवून सोनं-चांदी मोजायची चाचणी करतात. नमुन्याचे सीलबंद तीन वाटे होतात: एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, तिसरा भांडण झालं तर पंच प्रयोगशाळेसाठी. आम्ही तेच मागितलं. "शेठ, ते सगळं स्मेल्टरच करतो, तुम्हाला कॉपी येईल," म्हणाला. इसार मात्र चोख दिला, आणि त्यावर माल उचलला.

पुढे स्मेल्टरच्या रिपोर्टची म्हणून पीडीएफ आली. सोनं बोलल्याच्या निम्म्याहून कमी, पॅलेडियमचा रकाना कोरा. जुन्या सर्व्हर बोर्डांच्या सिरॅमिक कॅपॅसिटरमध्ये पॅलेडियम असतं, हे आमच्या शेडवरचं पोरगंही सांगेल. वर ओलाव्याची वजावट! एप्रिल-मेमध्ये वाळूजच्या पत्र्याखाली पडलेल्या बोर्डांना कसला ओलावा? स्मेल्टिंगचा खर्च धरून शेवटी आमच्याकडेच बाकी काढली.

मग कागद काढून बसलो. परदेशाच्या संमतीचं विचारलं, तर "बी 1110, ग्रीन लिस्ट आहे, लागत नाही," हे उत्तर. ग्रीन लिस्ट म्हणजे संमती न लागणाऱ्या कचऱ्याची यादी. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावरच्या आंतरराष्ट्रीय बासेल कराराच्या यादीतली ती नोंदच 1 जानेवारी 2025 पासून गेली. आता ई-कचरा घातक असेल तर ए 1181 ही नोंद, नसेल तर वाय 49. दोन्हींना घेणाऱ्या देशाची आणि वाटेतल्या देशांची लेखी संमती आधी लागते, शिवाय 2016 च्या घातक कचरा नियमांखाली आपल्या पर्यावरण मंत्रालयाची परवानगी. याचा माल म्हणे आठवड्यात न्हावा शेवाहून निघालासुद्धा.

शिपिंग बिलाचा, म्हणजे निर्यातीच्या कागदाचा, नंबर आइसगेट या कस्टम्सच्या वेबसाइटवर टाकला, रेकॉर्डच नाही. रिपोर्टवर ज्यांचं नाव होतं त्या स्मेल्टरला मेल केला. लॉट नंबर त्यांचा नव्हता. शेवटी ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितलं, माल भिवंडीच्या गोदामात उतरवला. समुद्र त्या मालाने पाहिलाच नाही.

आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज दिला आहे. तोवर हा इसम जालना-नांदेडकडे फिरतोय, गन तीच. तिसऱ्या सीलबंद नमुन्याचं नाव काढलं की फोन ठेवतो, असं नांदेडच्या एका भंगारवाल्याने कालच सांगितलं.