दारावर आलेला डीएपी घेऊ नका

पावसाळा संपला की आमच्या जळगावच्या कॉलनीत लॉन पिवळी पडायला लागते. पावसाने नत्र (नायट्रोजन) धुऊन नेलेलं असतं, वर ऑक्टोबरची होरपळ. डिसेंबरात थंडी पडली की गवताची वाढ मंदावते, म्हणून खत द्यायचं ते दसरा-दिवाळीच्या सुमारासच. दारोदार डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं दाणेदार रासायनिक खत) विकणाऱ्या एकालाही हे बरोबर ठाऊक होतं. 'छोटा हत्ती' टेम्पो घेऊन तो गल्लीत आला. "दादा, रब्बीचा सीझन आहे, दुकानात डीएपी मिळत नाही. हा माल खास लॉनसाठी," म्हणाला आणि ५० किलोच्या गोणीचे १५०० रुपये घेऊन गेला. दुकानात तेव्हा डीएपीची गोणी १३५० ला होती. पावती मागितली तर "मागून शेठ येतात, ते देतील." शेठ काही आले नाहीत.

खत टाकलं, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशीही दाणे जसेच्या तसे. बोटाने दाबला की करडा, चिकट गारा व्हायचा. पुढे त्याचा गवताच्या बुडाशी थर बसला, पाणी वरच साचायला लागलं आणि लॉन पिवळीच राहिली.

शेजारचे आबा मूळचे रावेरकडचे, आयुष्यभर केळी केलेला माणूस. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, तंबाखूच्या डबीतला चुना लावला आणि अंगठ्याने रगडले. वासच नाही. मग घरून अस्सल डीएपीचे दाणे आणून तसेच रगडले, तर अमोनियाचा असा झणका आला की डोळ्यांत पाणी. तव्यावर तापवले तेव्हा अस्सल दाणे फुगले, आमचे नुसते तडकले. रंगावर जाऊ नका, डीएपी करडा, तपकिरी, काळा कसाही असतो.

गोणी नीट पाहिली तर बॅच नंबर नाही, छापील किंमत नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. तोंड हाताने शिवलेलं. अनुदानाच्या खतावर २०२२ पासून 'भारत' हे नाव छापलेलं असतं, तेही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर रुजलेल्या लॉनला मुख्य गरज नत्राची. डीएपीत नत्र १८ टक्के आणि स्फुरद (फॉस्फेट) ४६, म्हणजे 'खास लॉनसाठी' हीसुद्धा थापच.

उरलेली गोणी घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पण पावती नाही, गाडीचा नंबर नाही, मग पकडायचं कोणाला? पैसे बुडाले ते बुडालेच.

मला काळजी वेगळीच आहे. लॉन पुन्हा हिरवी होईल, पण हाच माल एखाद्याने हरभऱ्याच्या पेरणीत टाकला तर त्याचा हंगाम जाईल. त्यामुळे असा टेम्पो भुसावळात, धुळ्यात, कुठेही दिसला तर पैसे देण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढा, परवाना आणि पक्की पावती मागा. टाळाटाळ केली तर गाडी गल्लीत असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांना फोन लावा.