मुलीची फी माफ होणार म्हणून 2,36,000 रुपये घालवले

माझं कृषी सेवा केंद्र आहे, परभणी जिल्ह्यात, एकोणीस वर्षांपासून. बोगस बियाणं कसं ओळखायचं हे मी दर जूनमध्ये दिवसाला दहा माणसांना सांगतो. टॅग बघा, लॉट नंबर बघा, पिशवी खालून फोडा म्हणजे टॅग शाबूत राहतो, मूठभर बी बाजूला ठेवा, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. एवढी अक्कल वाटणाऱ्या माणसाला तिशीच्या आतल्या एका पोरानं एसीत बसवून, पेढा खाऊ घालून 2,36,000 रुपयांना बुडवलं. गावात अजून निम्म्या लोकांना मी "ॲडमिशनचं जरा लांबलंय" असंच सांगतो. इथं मात्र खरं सांगतो, कारण पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा कोणाच्या तरी बापाला खुर्ची देणार आहे.

गोष्ट 2025 ची. लेकीला सीईटीत 86 पर्सेंटाईल. तिला कॉम्प्युटरच पाहिजे होतं आणि पुणंच पाहिजे होतं. आमच्या गल्लीतली सगळी पोरं पुण्याला, मग तिनं तसं म्हटलं तर तिचं काय चुकलं? परभणीत एका मंगल कार्यालयात "करिअर मेळावा" होता, तिथं नंबर लिहून घेतला गेला. दुसऱ्याच दिवशी फोन, आणि चार दिवसांनी आम्ही दोघं संभाजीनगरला त्यांच्या ऑफिसात. पेरणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, नोकराच्या भरवशावर गल्ला सोडून गेलो होतो. डोकं अर्धं इकडंच होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. पण आहे ते आहे.

त्यानं माहितीपत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाची फी वर्षाला 3,40,000. त्यावर काट मारली. खाली लिहिलं, ट्रस्ट स्कॉलरशिप 50 टक्के. म्हणजे 1,70,000, त्याला गोल केला. मग विचारलं, "सर, ओबीसी ना? उत्पन्नाचा दाखला आठ लाखाच्या आत?" हो म्हटलं. त्या गोलापासून एक बाण काढला, बाणाच्या टोकाला "सरकार परत, महाडीबीटी" (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) असं लिहिलं आणि खाली भलंमोठं शून्य. शून्याखाली दोन रेघा. हिशोब पूर्ण झाला की मीही माझ्या वहीत अशाच दोन रेघा मारतो.

आता ऐका, कारण सगळी मेख इथंच आहे. योजना खोटी नाही. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार शंभर टक्के भरतं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. मी पेपरात वाचलं होतं, टीव्हीवर ऐकलं होतं. म्हणूनच फसलो. तो नवीन काही सांगत नव्हता, मला आधीच माहीत असलेलं सांगत होता. फक्त त्यानं शासन निर्णयातली एक ओळ गिळली होती. ही माफी कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या सीटला आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेजनं स्वतः दिलेल्या प्रवेशाला नाही, आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना तर नाहीच नाही. मुलांना जी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते तिचंही तेच. तुमचा जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला सगळं सोन्यासारखं असलं तरी सीट कुठून आली ते आधी बघतात.

त्या दिवशी 21,000 "रजिस्ट्रेशन". टेबलावर क्यूआरचा स्टँड होता. मी स्कॅन केलं, रक्कम टाकली, आणि स्क्रीनवर नाव आलं: कसलं तरी एंटरप्रायजेस. विद्यापीठ नाही, ट्रस्ट नाही, त्यांच्या ऑफिसच्या पाटीवरचं नावसुद्धा नाही. लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. हळूच म्हणाली, "पप्पा, हे नाव दुसरंच येऊ लागलंय."

आणि मी म्हणालो, "गप बस, तुला काय कळतंय त्यातलं."

तो पोरगा हसला. म्हणाला, "हुशार आहे हो बेटा, सर. ते आमचं कलेक्शन अकाउंट आहे." मी पिन टाकला. सहा आकड्यांचा पिन, सहा वेळा बोट उचललं, सहा वेळा थांबता आलं असतं. एखाद्या शेतकऱ्यानं माझ्या दुकानात कंपनी एका नावाची आणि बिल दुसऱ्या नावाचं बघून पैसे दिले असते, तर मी त्याला चार शिव्या हासडल्या असत्या. लेकीसमोर आपण अडाणी दिसू नये एवढ्यासाठी मी लेकीलाच अडाणी ठरवलं. पैशाचं दुःख एकीकडं, हे वाक्य एकीकडं.

आठवड्यात व्हॉट्सॲपवर "स्कॉलरशिप मंजुरी पत्र" आलं. लेटरहेड, गोल शिक्का, जावक क्रमांक 117. मी त्याची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेशन केलं, आता हसा. मग 1,70,000 एनईएफटीनं, त्याच एंटरप्रायजेसच्या खात्यात. त्यातले 1,20,000 बायकोच्या पाटल्या ठेवून काढलेले, 50,000 खताच्या डिस्ट्रिब्युटरचे होते, ते थांबवले. वसतिगृह डिपॉझिट 45,000 रोख, पावती "विद्यापीठातच मिळेल". बेरीज करा. 2,36,000.

मी बँकेत विचारलं नव्हतं असं नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय होतं, एवढं मला माहीत होतं. त्याला तसं बोललो तर तो पटकन म्हणाला, "कशाला सर व्याज भरता, शून्यात काम होतंय." तेव्हा वाटलं, माणूस आपल्या फायद्याचं बोलतोय. आज कळतंय की बँक कर्ज देताना प्रवेशपत्र आणि फीचं पत्रक मागते, कॉलेजचं नाव तपासते आणि पैसे थेट कॉलेजच्या खात्यात टाकते. कर्जाचा अर्ज केला असता तर 117 नंबरचं पत्र दोन दिवसांत उघडं पडलं असतं. जो माणूस तुम्हाला बँकेपासून लांब ठेवतो त्याच्यापासून तुम्ही लांब राहा. कर्ज घ्यायचं नसलं तरी बँकेत जाऊन कागद दाखवा.

पैशापेक्षा मोठं नुकसान पुढंच आहे. कॅपच्या पहिल्या फेरीत लेकीला नांदेडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स लागलं. पहिल्याच पसंतीचं होतं, कारण फॉर्म भरताना तिनं घाबरून जवळचं वर टाकलं होतं. पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच घ्यायची. 1,000 रुपये भरून स्वीकारली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. मी त्याला फोन केला. म्हणाला, "अजिबात स्वीकारू नका, दोन ठिकाणी नाव दिसलं की स्कॉलरशिप कॅन्सल." मी नाही स्वीकारली. नांदेडला तिची शिक्षण फी खरोखरच शून्य होती. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस धरून वर्षाला साठ-पासष्ट हजारात भागलं असतं, चार वर्षांचे अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे जेवढे मी त्याच्या घशात घातले जवळपास तेवढ्यात पोरगी इंजिनिअर झाली असती. एक हजार रुपये वाचवले मी.

ऑगस्टमध्ये ट्रंक, गादी, बादली घेऊन आम्ही त्या विद्यापीठाच्या गेटवर. प्रवेश विभागातल्या बाईंनी लॅमिनेशन केलेलं पत्र उजेडात धरलं, संगणकात नाव शोधलं आणि म्हणाल्या, "काका, असं काही नाही. आमचा कोणी एजंटही नाही." लेक बादली हातात धरून उभी होती. परतीच्या गाडीत परभणीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

संभाजीनगरच्या ऑफिसला कुलूप. फोन बंद.

इथून पुढची कहाणी पोलिसांची, आणि ती जास्त लांब आहे. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात: पैसे तिकडं दिले, तिकडं जा. तिकडच्या ठाण्यात: तुम्ही राहता कुठं? मग इकडं कशाला आलात? तिसऱ्या खेपेला एक साहेब म्हणाले की हा देवाणघेवाणीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मी म्हटलं, साहेब, खोटं पत्र आहे, खोटा शिक्का आहे. म्हणाले, "तुम्ही शिकलेले वाटता, एवढं कळलं नाही का?" हे वाक्य मला चार वेगवेगळ्या खुर्च्यांवरून ऐकायला मिळालं. जणू गुन्हा मीच केला. आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर रक्कम लहान आहे म्हणाले. माझ्या बायकोच्या पाटल्या लहान! सायबर हेल्पलाईन 1930 वर लावला तर पलीकडच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, एवढ्या सगळ्यात तिनंच घेतलं, आणि विचारलं, व्यवहार कधीचा? शेवटचा एनईएफटी होऊन 41 दिवस झाले होते. खात्यात 312 रुपये शिल्लक निघाले. ज्या दिवशी शंका आली त्याच तासाला हा नंबर लावा. बदनामी होईल म्हणून मी तीन आठवडे गप्प बसलो ते त्याच्याच पथ्यावर पडलं.

बँकेचं उत्तर तर छापील होतं: व्यवहार आपण स्वतः केलेला आहे. शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेलो तर, तुमचा अर्जच पोर्टलवर नाही, मग तक्रार कशाची? बरोबरच आहे म्हणा. मेळाव्याला हॉल देणाऱ्यांनी भाड्याची पावती दाखवली, तीही कोणाच्या तरी तिसऱ्याच नावाची.

शेवटी एका वकिलाच्या मुन्शीनं फुकटात सांगितलं ते इथं देतो. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. कलम 173 प्रमाणं फसवणुकीसारखा दखलपात्र गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. हद्द सांगून हाकलता येत नाही. नाहीच घेतली तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं, पोलीस अधीक्षकांना. पोचपावती जपा. मी तसं पाठवल्यावर अकराव्या दिवशी त्याच ठाण्यातून "या काका" असा फोन आला. गुन्हा नोंद झालाय, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318(4). चौकशी चालू आहे, असं दर पंधरा दिवसांनी सांगतात.

तिथंच जालन्याचे एक गुरुजी भेटले, मग बीडचे एक, मग आणखी दोघं. आम्ही पाच जणांनी पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. पाचही पत्रांवर जावक क्रमांक 117. तारखा वेगळ्या, नावं वेगळी, नंबर एकच. एकाच लॉटचं बोगस बियाणं. गुरुजी कितीतरी वेळ नुसते त्या आकड्याकडं बघत बसले होते.

कोणाच्या घरी आता बारावी असेल तर: फी एजंटच्या तोंडून ऐकू नका, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर कॉलेजवार फी असते, ती बघा. खाजगी विद्यापीठ स्वतःची स्कॉलरशिप खरंच देतं, पण ती पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षं, आणि किती मार्क टिकवले तर, हे विद्यापीठाच्या ऑफिसात स्वतः जाऊन लेखी घ्या. गाडीभाडं हजार रुपये लागेल, लागू द्या. पैसे भरताना स्क्रीनवर कॉलेजचं नाव आलं नाही तर फोन खिशात घाला आणि उठा. पेढा खाल्ला असला तरी उठा.

पोरगी सध्या इथल्याच कॉलेजात बीएस्सीला आहे आणि सीईटी पुन्हा देतेय. संध्याकाळी दुकानात बसते, बिलं तीच फाडते. पाटल्या अजून सुटल्या नाहीत.

परवा तिनंच तिच्या फोनवर एक जाहिरात दाखवली. नाव नवं, शहर लातूर, "मुलींना 100 टक्के फी माफी, मर्यादित सीट". मागं तीच काचेची भिंत आणि टेबलावर तोच क्यूआरचा स्टँड. ती काही बोलली नाही, फक्त फोन माझ्यापुढं धरला. मी स्क्रीनशॉट घेऊन तपास करणाऱ्या साहेबांना पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या आहेत.