एकूण नफ्याचा चौदावा हिस्सा (नफा झाल्यास)

भाची पुण्याला शिकते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा फराळाच्या ताटावरून माझ्याकडं बघत म्हणाली, "मामा, तुमच्यावर एक पुस्तक लिहिलंय. वाचा की."

पुस्तकाचं नाव 'द हॉबिट', लेखक जे. आर. आर. टॉल्किन. नायक बिल्बो बॅगिन्स हा हॉबिट, म्हणजे माणसाहून बुटक्या अशा एका काल्पनिक जातीतला, पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ. जमिनीखालच्या बिळात राहतो, पण बीळ कसलं, ऐसपैस वाडाच तो. सकाळी दोनदा नाश्ता करतो आणि गावाबाहेर जायचं नाव काढलं की कासावीस होतो. मी चोपन्न वर्षांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहितोय. आधी लाल वह्यांत, आता टॅलीत. पुण्याला लग्नाला गेलो तर तिसऱ्या दिवशी मला सोलापूरची गाडी आठवायला लागते. म्हणजे पोरगी थट्टा करत नव्हती.

जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एकशेवीस रुपयांना प्रत मिळाली. घासाघीस करून शंभरला आणली असती, पण मागं पाऊस लागला होता. घरी येऊन उघडली तर सुरुवातीचं नकाशाचं पान कुणीतरी फाडून नेलेलं. साहसाच्या पुस्तकातून नकाशाच गायब! भाचीनं मोबाइलवर फोटो पाठवला, तो झेरॉक्सवाल्याकडून काढून आणला आणि आतल्या बाजूला डकवला. घेणाऱ्यांनी दुकानातच पान उलटून बघा.

मी इंग्रजीतूनच वाचलं. रात्री जेवण झाल्यावर चार-पाच पानं, शेजारी डिक्शनरी. तीन महिने लागले. भाषा तशी अवघड नाही, मुलांना समोर बसवून सांगावी तशी आहे. टॉल्किन ऑक्सफर्डला प्रोफेसर होते. एकदा उत्तरपत्रिका तपासताना एक कोरं पान मिळालं, त्यावर त्यांनी जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिटबद्दल एक ओळ खरडली, तिथून हे सुरू झालं. १९३७ साली पुस्तक निघालं. त्याआधी प्रकाशकानं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग मोजला होता. मला तोही नाही.

सुरुवातच अशी आहे की सोलापूरकराला वेगळं समजावून सांगायला नको. बुधवारी चहाच्या वेळेला बिल्बोच्या दारात एकेक करत तेरा ड्वार्फ, म्हणजे दाढीवाले बुटके, येऊन बसतात आणि त्यांच्यासोबत गँडाल्फ नावाचा जादूगार. आमंत्रण नाही, निरोप नाही. कुणाला केक पाहिजे, कुणाला कॉफी, कुणाला अंडी. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की आमच्याकडं हेच. विजापूरकडचे, कलबुर्गीकडचे, ज्यांची नावं आईलाच ठाऊक असे लोक दारात उभे. बिल्बोचं डबा रिकामा होत चालल्याचं दुःख मी मनापासून वाचलं. पुढं ते पाहुणे गाणं म्हणत सगळी भांडी घासून ठेवतात, हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भांडी घासणारे पाहुणे? म्हणूनच त्याला काल्पनिक म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला करारपत्र मिळतं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ड्रॅगननं बळकावलेला खजिना परत आणायचा, त्यासाठी बिल्बोला चोर म्हणून नेमलंय. अटी: एकूण नफ्याच्या जास्तीत जास्त चौदावा हिस्सा, नफा झाल्यास. प्रवासखर्च कंपनीकडं. अंत्यसंस्काराचा खर्चही, वेळ आलीच तर, कंपनीकडं.

मी आयुष्यात बरेच करारनामे वाचलेत, इतका प्रामाणिक एकही नाही. "नफा झाल्यास" हे पहिल्याच दिवशी लिहून देणारी पार्टी मला अजून भेटायचीय. या पुस्तकावर माझा जीव जडला तो इथं. साहसाच्या गोष्टी आम्ही लहानपणी ढीगभर ऐकल्या. राजपुत्र घोड्यावर टांग टाकतो आणि सात समुद्र ओलांडतो. वाटेत तो काय खातो, त्याचे कपडे वाळतात कुठं, कुणी सांगत नाही. इथं खर्चाची बाजू पानापानावर आहे. बिल्बो घरातून पळत सुटतो तो टोपी, काठी, पैसे, काही न घेता, रुमालसुद्धा राहतो. दुसरा नाश्ता अर्धा टेबलावर तसाच. पाऊस लागतो, सामान वाहून जातं, आणि त्याला घरची किटली आठवते. अशी आठवण पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी मलाच चहाची तलफ येत होती.

शेवटी शेवटी डोंगरावर त्यांच्याजवळ क्रॅम नावाचं खाणं असतं. बिस्किटासारखं, कितीही दिवस टिकणारं, पोटाला आधार देणारं, पण खाण्यात मजा एवढीच की जबड्याला व्यायाम. अहो, प्रोफेसर साहेबांना कडक भाकरी माहीत नव्हती हो! आमच्याकडं बाजरीची कडक भाकरी महिनाभर डब्यात राहते, वर शेंगाचटणी आणि दही असलं की ड्रॅगनच्या दारात बसूनही माणूस तक्रार करणार नाही.

आता बाराव्या प्रकरणाबद्दल. (पुढं काय होतं ते फुटेल, पण १९३७च्या पुस्तकाचं कसलं गुपित.) डोंगराच्या पोटातून एक बोगदा ड्रॅगनपर्यंत जातो. तेरा जण बाहेर थांबतात, बिल्बो एकटा आत उतरतो. पुढं लाल उजेड, अंग भाजणारी हवा, आणि मोठं भांडं रटरटावं आणि त्यात अजस्र बोका गुरगुरावा तसा घोरण्याचा आवाज. तिथं तो थांबतो. लेखक म्हणतो, तिथून पुढं पाऊल टाकणं हेच त्याचं सगळ्यात मोठं धाडस. नंतर जे घडलं ते त्यापुढं काहीच नाही. खरी लढाई त्यानं बोगद्यात एकट्यानं लढली, ड्रॅगन दिसायच्या आधी. आणि ड्रॅगनला मारतो शेवटी दुसराच कुणीतरी, बाणानं. बिल्बोच्या खात्यावर त्या दिवशी जमा काय, तर एक दोन कानांचा पेला.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पंख्याकडं बघत बसलो.

ऑगस्टात भाची म्हणाली, नळदुर्गला जाऊ. हैदराबाद रस्त्यावर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत. जन्म सोलापुरात गेला आणि मी नळदुर्ग बाहेरूनच पाहिला होता, एसटीच्या खिडकीतून. बोरी नदी भरली होती, नर आणि मादी दोन्ही धबधबे जोरात पडत होते. धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे, त्यात उतरायचं. जिना अंधारा, ओला, आणि भिंतीतून पाण्याची घरघर थेट छातीत येते. चार-पाच पायऱ्या उतरून मी थांबलो. मागं माणसं, पुढं भाचीचा मोबाइलचा उजेड. गुडघ्याचं निमित्त सांगून परत फिरता आलं असतं, गुडघा खरंच दुखतो. तेव्हा तो पन्नाशीचा बुटका आठवला. उतरलो. आत सज्जातून समोर पाण्याचा पडदा, एवढा जवळ की हात घालावा. भाची ओरडून विचारत होती, "मामा, कसं वाटलं?" चष्म्यावर तुषार बसून मला काही दिसत नव्हतं. म्हटलं, पुसून सांगतो. खिशात हात घातला, रुमाल घरी.

यापुढचा भाग लिहू की नको असं झालं होतं. खजिना मिळाल्यावर ड्वार्फांचा राजा थॉरिन हट्टाला पेटतो, कुणाला छदाम द्यायला तयार नाही, आणि बाहेर फौजा जमतात. खजिन्यातला सगळ्यात मोलाचा हिरा बिल्बोनं आधीच गुपचूप खिशात टाकलेला असतो. तो रात्री दोरावरून उतरतो, समोरच्यांना तो हिरा देऊन टाकतो आणि सांगतो की करारातला माझा चौदावा हिस्सा यात वळता करा, पण तडजोड करा. आणि त्यांच्यात न राहता त्याच रात्री आपल्या माणसांत परत येतो, शिव्या खायला. कराराच्या एका कलमाचा इतका सुंदर उपयोग मी दुसरीकडं वाचलेला नाही.

आमच्याकडं एका दिवाळीला बोनसवरून ताणलं होतं. "यंदा परवडत नाही" असं मालकांचं म्हणणं. कामगारांचा एक म्होरक्या जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्हाला तर आकडा माहीत असंल की." वही माझ्यासमोर उघडी होती. मी म्हटलं, "मला काय माहीत नाही बघा." वही मिटली. त्यांना त्या वर्षी कमी मिळालं, मला नेहमीइतकं. तो अजून कारखान्यात आहे, रोज नमस्कार करतो. पंधरा वर्षं झाली असतील. बिल्बोचं ते प्रकरण मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा डिक्शनरी लागली नाही.

खोट काढायची तर आहे. तेरा ड्वार्फांपैकी थॉरिन, म्हातारा बालिन आणि जाडा बॉम्बर सोडले तर बाकीचे मला शेवटपर्यंत वेगळे करता आले नाहीत. हजेरीपट करून ठेवला तरी. मधलं जंगल फार लांबतं. मोठी लढाई सुरू झाली की बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध, म्हणजे मोठा भाग आपल्याला नंतर ऐकीव. आणि अख्ख्या पुस्तकात एक बाई तोंड उघडत नाही, हे बायकोनं माझ्या आधी ओळखलं. गाणी मी चक्क गाळली.

शेवट मात्र पक्क्या हिशेबनिसाचा. बिल्बो घरी पोचतो तर तो मेला असं धरून त्याच्या घराचा लिलाव चाललेला! स्वतःचंच सामान त्याला पैसे मोजून परत घ्यावं लागतं, आणि चांदीचे चमचे जातात ते जातातच. येताना सोनं-चांदी किती, तर एका तट्टावर मावेल एवढ्या दोन छोट्या पेट्या.

दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवा, पण पन्नाशीच्या लोकांनी स्वतःसाठी घ्या. बारीक टाइपाची प्रत टाळा, माझी तशीच आहे. साडेचार तारे, अर्धा नकाशाच्या पानाचा कापला, त्यात टॉल्किनसाहेबांचा काही दोष नाही, पण कुठंतरी टाकायला पाहिजे.

भाची आता हंपी म्हणतेय, डिसेंबरात, दोन मुक्काम. मी हो म्हटलंय. बायकोनं कडक भाकरीचं बघते म्हटलंय. मी नवी पेठेतून रुमाल आणलेत, दोन.